आडव्या रेघेवर हरकत

४ फेब्रुवारी, सोमवार

आज मला पदार्थविज्ञानाचा शिक्षक नेमण्यात आले. अपराध कोणता, ते सांगितले नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मधल्या सुटीत बोलावून बशीसकट चहा दिला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. विज्ञानाच्या बाईंना डॉक्टरांनी आजपासून अंथरुणातून उठायचे नाही असे बजावले आहे. बाळंतपणाला अजून अवकाश आहे, पण बाळाला घाई दिसते.

"तुमच्याकडे फक्त एक मुलगी आणि एक प्रकरण," मोठ्या बाई म्हणाल्या. "गती."

"बाई, मी संस्कृत शिकवतो."

"माहीत आहे. म्हणून तर. विस्थापन, त्वरण, जडत्व. सगळी तुमच्याच घरची माणसं आहेत."

घरची खरी. पण ती घराबाहेर पडून काय उद्योग करतात, याची मी कधी चौकशी केली नव्हती.

प्रकरण असे आहे. आमची शाळा अंध मुलांची. वरच्या वर्गांत आमची मुले विज्ञान सोडून दुसरा एखादा विषय घेतात. तशी सवलत आहे, आणि ती इतकी जुनी झाली आहे की आता नियमच वाटते. शाळेतून आजवर एकही मूल विज्ञान शाखेला गेलेले नाही. यंदा एकीच्या डोक्यात ते शिरले आहे. तिने विज्ञानाच्या बाईंना कॉलेजात जायला लावले, आणि तिथले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणाले, पाठवा तिला सहा मार्चला. गतीचे प्रकरण तोंडी विचारीन. आले तर जागा देतो, सवलत मात्र कसलीही नाही.

मुलीला सगळी शाळा 'हरकत' म्हणते, कारण तिचे निम्मे बोलणे "हरकत आहे" या शब्दांनी सुरू होते. ती माझी संस्कृतची विद्यार्थिनी आहे. अशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही. मी मनातल्या मनात तिला संस्कृतच्या पदवीपर्यंत नेऊन ठेवले होते, फक्त तिला सांगायचे राहिले होते.

म्हणजे माझे काम असे, की जिला ठेवून घ्यायचे तिला जाण्याचे शास्त्र शिकवायचे.

बायकोला हे सगळे रात्रीच्या जेवणाच्या वेळी तपशिलात सांगू लागलो. ती म्हणाली, "अहो, हे तुम्ही लिहून का नाही ठेवत? मला भाजी नीट खाऊ द्या." म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला तास. ब्रेलमधले पुस्तक तिने आधीच वाचून काढले आहे. त्यात जिथे जिथे आकृती होती तिथे तिथे "शेजारील आकृतीचे निरीक्षण करा" एवढेच ठिपके आहेत आणि पुढे कोरा कागद. छापणाऱ्याला विनोदबुद्धी नसावी. असली तर फारच आहे.

मी व्याख्येपासून सुरुवात केली. सभोवतालच्या वस्तूंच्या तुलनेत स्थान बदलणे म्हणजे गती.

"हरकत आहे."

"एवढ्यात?"

"सर, मी सुटीत घरी जाते तेव्हा बसमध्ये सभोवतालचं मला काही दिसत नाही. मग मी गतिमान आहे की नाही?"

"आहेस. बस चालते आहे."

"ते तुम्हाला दिसतं म्हणून. मला तर बस सुटताना पाठ मागे जाते तेव्हा कळतं, वळताना शेजारची बाई अंगावर येते तेव्हा कळतं, ब्रेक लागला की कळतं. मधे रस्ता चांगला असला आणि बस एकसारखी जात राहिली, की काहीच कळत नाही. तेव्हा ती उभीच असते माझ्या लेखी."

मी म्हणालो, हे तुझ्यापुरते झाले, पुस्तकात तसे नाही. तिने मान हलवली, पण ती पटल्याची हालचाल नव्हती. असल्या फाट्यांना उगीच वाट दिली तर प्रकरण संपायचे नाही. पुढे सरकलो.

७ फेब्रुवारी, गुरुवार

अंतर आणि विस्थापन. आज मला शिक्षक म्हणून बऱ्यापैकी सूर सापडला.

वसतिगृहाच्या दारापासून भोजनगृहापर्यंत आमची मुले भिंतीला धरून, मैदानाला वळसा घालून जातात. तिला त्या वाटेने नेले. मग मैदानाच्या मधून सरळ परत आणले. तिने चप्पल काढून पावलाला पाऊल जोडत दोन्ही वाटा मोजल्या. वळशाची वाट म्हणजे अंतर. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सरळ पल्ला, दिशेसकट, म्हणजे विस्थापन. ते तिला तिथल्या तिथे कळले.

"आता मी भोजनगृहात गेले आणि परत दारात आले, तर?"

"विस्थापन शून्य."

"मग घामाचं काय?"

"घाम अंतराचा आहे."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे तुम्ही रोज शाळेत येता, घरी जाता. इतकी वर्षं. एकूण विस्थापन शून्य."

पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर होते. पूर्ण गुण द्यावे लागले.

११ फेब्रुवारी, सोमवार

पुढे आलेख आहेत, आणि विभागप्रमुख ते विचारणारच. आलेख डोळ्यांनी बघायची गोष्ट. मी दोन दिवस विचार केला आणि आज बायकोच्या शिवणाच्या खोलीत चोरी करताना पकडला गेलो.

पुढची खोली तिची. दोन यंत्रे, कापायचे मोठे टेबल, आणि भिंतीवर रिळांची मांडणी, जिला मी नुसता हात लावला तरी तिला पाठमोरी असतानाही कळते.

"काय हवंय?"

"दोरा. बोटाला लागेल असा."

"कशासाठी?"

"गतीसाठी."

तिने वळूनही पाहिले नाही. "खालच्या खणात लोकर आहे. अक्षांना सुतळी घ्या, जाड लागेल. आणि डिंक माझ्या टेबलावर नाही सांडायचा."

अक्षांना सुतळी. मी 'अक्ष' हा शब्द उच्चारलाही नव्हता. सव्वीस वर्षे संसार केला, तिची शालेय प्रगती विचारायची राहून गेली.

संध्याकाळपर्यंत तीन पुठ्ठे तयार झाले. सुतळीचे दोन अक्ष, आडवा वेळेचा, उभा अंतराचा. त्यांवर लोकरीचा आलेख: आधी वर चढणारा, मग आडवा, मग खाली येणारा. सुंदर दिसतो. एखादी टेकडी, माथ्यावर पठार असलेली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पुठ्ठे दिले. "बघू," म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले. मी समजावले: हा बघ चढ, वस्तू इथे चढावर जाते आहे, दमछाक. हे पठार, इथे सपाटीवरून ती एकसारखी चालते. आणि हा उतार.

तिने बोट फिरवून तो प्रवास चार वेळा केला. हरकत घेतली नाही. मी धन्य झालो. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमचा आवाज आज मोठा येत होता." तक्रार असावी.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सरावासाठी बाजारातून गाइड आणले. त्यात आमच्यासारखाच आलेख, आणि प्रश्न: आडव्या भागात वस्तूचा वेग किती? मागे उत्तर पाहिले तर छापले आहे, "शून्य."

शून्य कसा? सपाटीवर चालणारी वस्तू काय उभी आहे? मी तिला विचारले. तीही म्हणाली, सपाटीवर चालते ना, तुम्हीच सांगितलंत.

उघड मुद्रणदोष आहे. गाइडांची हीच तऱ्हा, मुद्रितशोधनावर पैसा खर्च करायला नको. मी प्रकाशकांना सविस्तर पत्र लिहिले: पृष्ठ, प्रश्न, चूक, सुधारणा, आणि शेवटी मुलांच्या भवितव्याविषयी दोन वाक्ये, जी मला स्वतःला आवडली. बायको म्हणाली, "दोन दिवस ठेवा, मग टाका." पण शास्त्रीय सत्य टेबलावर ठेवून झोप लागत नाही. जाऊन टाकून आलो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस लिहू नये असे वाटत होते.

उजळणी चालू होती. ती नेहमी एका बोटाने लोकरीवरून जाते. आज तिने दोन्ही हात ठेवले. डावे बोट खालच्या सुतळीवर, म्हणजे वेळेवर, उजवे लोकरीवर. ब्रेल वाचताना ती असेच करते, एक हात ओळ वाचतो, दुसरा पुढची ओळ धरून ठेवतो. दोन्ही बोटे ती बरोबरीने उजवीकडे सरकवत होती. मधेच थांबली. परत मागे गेली. परत आली.

"सर, हरकत आहे."

"बोल."

"डावं बोट म्हणजे वेळ. उजवं बोट त्याच्यापासून किती वर आहे, ते अंतर. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या पठारावर डावं बोट पुढे जातंय. वेळ जातो आहे. उजवं तेवढंच वर आहे. अंतर वाढतच नाही."

मी वाकून तिची बोटे बघू लागलो.

"वेळ जातो आणि अंतर वाढत नाही. म्हणजे ती वस्तू उभी आहे, सर. आठवडाभर तुम्ही तिला सपाटीवर चालवताय आणि ती बिचारी एका जागी उभी आहे." मग तिने उताराकडे बोट नेले. "आणि हा उतार नाही. अंतर कमी होतंय. ती परत येते आहे."

मी चष्मा पुसला. आलेखाकडे पाहिले. टेकडी नव्हतीच तिथे. रस्ता नव्हता, चढ नव्हता. मी डोळ्यांनी पाहिली म्हणून मला टेकडी दिसली होती.

"गाइड बरोबर आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही पत्र पाठवलंत?"

"पाठवले."

ती हसली नाही. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागले.

२० फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंकडे गेलो. म्हणालो, मी या कामाला लायक नाही. मुलीचा आठवडा मी वाया घालवला, आणि वेळच्या वेळी तिनेच सावरले नसते तर कॉलेजात तिची शोभा झाली असती. विभागप्रमुखांना कळवू, यंदा नको.

"आणि ती काय करेल?"

"संस्कृत घेईल," मी म्हणालो. "नाव काढेल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची नजर हजेरीपटावर फिरते तशी माझ्यावर फिरली. "हे तुम्ही तिच्यासाठी म्हणताय की तुमच्यासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर मी कार्यालयात दिले नाही. इथे देतो. दोन्ही. प्रमाण विचारू नये.

"तिला तुम्हीच सांगा मग," बाई म्हणाल्या. चहा दिला नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

सांगायचे ठरवून निघालो होतो. निघताना बायको एका कोटाची बाही उसवत बसली होती.

"काय झाले?"

"डावी बाही उजवीकडे लावली."

"तू?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?" टाके कापत ती म्हणाली, "घातला असता तर माणूस हात वर करूनच फिरला असता."

"मग आता?"

"आता काय. उसवते आणि लावते. कोट काय टाकून देऊ?"

ती हे माझ्यासाठी म्हणाली की कोटासाठी, ते तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. मी वर्गात गेलो तेव्हा हरकत आधीच येऊन बसली होती, आणि तिने माझ्या तीनही पुठ्ठ्यांवरची लोकर खरवडून काढली होती.

"हे काय?"

"नवीन लावू या. यावेळी मी सांगते, तुम्ही चिकटवा. आधी अंतराचे, मग वेगाचे." मग जरा थांबून, "तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं. पण पावलं ऐकली."

सांगायचे ते राहिले. डिंकाने बोटे चिकटली होती.

२४ फेब्रुवारी, रविवार

सुटी. सहज म्हणून त्वरण वाचत बसलो. वेग बदलण्याचा दर. शब्द पाठ झाला, पण हाताला काही लागेना. आता माझीही सवय बिघडली आहे, जे हाताला लागत नाही ते कळल्यासारखे वाटत नाही.

बायको म्हणाली, हरकतला इकडेच आणा, जेवेल आपल्याबरोबर. आणली. शिवणाच्या खोलीत शिरल्याबरोबर तिने यंत्रांचे, रिळांचे, टेबलाचे हातांनी निरीक्षण केले. रिळांना तिने हात लावला तरी बायको काही बोलली नाही. नोंद करून ठेवतो.

जुन्या कपाटाची एक लांब फळी माळ्यावर होती. सरकत्या काचेसाठी तिच्यात उभी खाच आहे. ती टेबलावर ठेवून एक टोक उचलायचे होते. विटा जड, डबे डळमळीत. शेवटी माझ्या शब्दकोशाचा पहिला खंड खाली घातला. अगदी नेमका बसला. इतकी वर्षे त्याला योग्य काम मिळाले नव्हते असे वाटावे इतका.

खाचेतून काचेची गोटी सोडली. ती घरंगळत गेली. हरकत म्हणाली, "जोर वाढतोय हे ऐकू येतंय, पण किती ते नाही."

बायको यंत्राच्या पायट्यावरचा पाय काढून उठली. बारीक इलॅस्टिकचे वेढे करून तिने फळीला चार ठिकाणी चढवले, सारख्या अंतरावर. गोटी वेढ्यावरून गेली की टक् वाजते. सोडली: टक्… टक्.. टक्. टक्. आवाज जवळ जवळ येत गेले.

"आता हे सारख्या वेळाने वाजवायचे," हरकत म्हणाली, आणि पायाने ठेका धरला. मग दुपारभर आम्ही तिघे वेढे सरकवत होतो. वरचे वर ढकल, खालचा आणखी खाली. बायको गोटी सोडायची, मी वेढे हलवायचो, हरकत ठेका धरून नाक मुरडायची. "तिसरा उशिरा. परत." जेवण गार झाले. कुणी तक्रार केली नाही. करणारी व्यक्तीच गोटी सोडत होती.

शेवटी चारही टक् ठेक्यात पडले. हरकतने फळीवर बोटे आडवी ठेवत अंतरे मोजली. सुरुवातीपासून पहिल्या वेढ्यापर्यंत चार बोटे. तिथून दुसऱ्यापर्यंत बारा. मग वीस. शेवटचे सत्तावीस.

"दर खेपेला आठ बोटं जास्त," ती हळूच म्हणाली. "शेवटी एक कमी. वेढ्यांना धडकून गोटी थोडी दमते, म्हणून. नाहीतर अठ्ठावीस." मग तिने परत सगळे चाचपले. "सर, वेग वाढतो. पण वाढणं वाढत नाही. ते तेवढंच राहतं. आठ बोटं. त्वरण म्हणजे हे."

मी दोनदा मोजले. आठच होती. मला ते संध्याकाळपर्यंत कुणाला तरी सांगावेसे वाटत होते, आणि ज्यांना सांगावे त्या दोघी तिथेच होत्या.

१ मार्च, शुक्रवार

विज्ञानाच्या बाईंना मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी फोनवर अभिनंदन केले आणि लगेच घर्षणाविषयी एक शंका विचारली. बायकोने फोन काढून घेतला.

गाइडच्या प्रकाशकांचे उत्तर नाही. बरेच झाले. असली पत्रे ते टोपलीत टाकत असावेत. त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला आहे.

६ मार्च, बुधवार

कॉलेज. जिने फार, पाट्या लहान. हरकतने माझ्या कोपराला धरले होते. तिचा हात थंड होता, पण पावले माझ्यापेक्षा ठाम. वाटेत म्हणाली, "सर, तुम्ही फार जोरात श्वास घेताय."

विभागप्रमुख बुटके, शांत गृहस्थ. टेबलावर कागद सोडून काही नाही. मला आत बसू दिले, अट एकच: जे कागदावर आहे ते वाचायचे, अधिक अक्षर नाही.

व्याख्या विचारल्या. अंतर, विस्थापन, चाल, वेग, फरक काय, उदाहरणे. तिने मैदानाचे उदाहरण दिले, घामासकट. ते लिहीत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवले.

"ठीक. आलेख मी सोडून देतो. ते तुझ्याकडून अपेक्षित नाही."

माझा श्वास सुटला. काय सांगू, इतके बरे वाटले. पण शेजारून आवाज आला.

"हरकत आहे."

"काय?"

"सवलत नाही असं ठरलं होतं. आलेख विचारा."

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक कागद घेतला, पट्टीने दोन अक्ष काढले, वर एक रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "वाचून दाखवा. वस्तू मधल्या भागात काय करते, ते ती सांगेल."

मी वाचू लागलो. रेघ मूळबिंदूपासून सुरू होते. तिरपी वर जाते. मग आडवी. मग तिरपी खाली, शेवटी आडव्या अक्षाला टेकते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तीच टेकडी. तेच पठार. उभी आहे म्हण, पोरी, मी मनात म्हणत होतो. आडवी रेघ, वस्तू उभी. मी हे जन्मात विसरणार नाही.

तिची बोटे रिकाम्या टेबलावर होती, डावे खाली, उजवे वर. माझ्या कपाळावर घाम आला. अंतराचा नव्हता.

"सर," तिने विचारले, "उभ्या अक्षावर काय लिहिलंय?"

मी कागद जवळ धरला. अक्षाच्या टोकाशी बारीक अक्षरांत एक शब्द होता. मी तो वाचलाच नव्हता.

"वेग," मी म्हणालो.

"अंतर नाही?"

"नाही. वेग."

"मग ती उभी नाही," हरकत म्हणाली. "आधी तिचा वेग वाढत होता. मधे तो तेवढाच राहतो. ती चालते आहे, एकसारखी. शेवटी वेग कमी होत होत ती थांबते." आणि मग, जरा माझ्या बाजूला वळून, "या आलेखात ती खरंच चालते आहे, सर."

विभागप्रमुखांना त्या वाक्याचा अर्थ लागला नसावा. मला लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"चांगलं," ते म्हणाले. "मग मला एक सांग. अशी एकसारखी चालणारी गाडी आहे, तू तिच्यात बसली आहेस. धक्का नाही, वळण नाही, आवाज नाही. गाडी चालते आहे हे तुला कसं कळेल?"

"नाही कळणार."

"तुला दिसत नाही म्हणून?"

"नाही. कुणालाच नाही कळणार. तुम्ही खिडकीतून बाहेर बघता म्हणून तुम्हाला कळल्यासारखं वाटतं. खिडकी बंद केली की तुम्ही आणि मी सारखेच. कळतो तो फक्त वेगातला बदल. सुटताना, वळताना, थांबताना. मधलं चालणं आणि उभं राहणं, आतून एकच."

विभागप्रमुखांनी पेन पुन्हा हातात घेतले. हेच ती पहिल्या दिवशी बसविषयी सांगत होती. मी त्याला फाटा म्हणालो होतो आणि पुढे सरकलो होतो.

"हे तुला कुणी शिकवलं?" विभागप्रमुखांनी विचारले.

"बसनं," ती म्हणाली. "बाकीचं सरांनी. त्यांनी एक चूक केली, म्हणून मी प्रत्येक वेळी उभा अक्ष विचारते."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही भौतिकशास्त्राचे?"

"संस्कृतचा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू असे रोजच येतात. "कळवतो," म्हणाले. जिना उतरून खाली आल्यावर ती म्हणाली, "आता श्वास बरोबर आहे तुमचा."

११ मार्च, सोमवार

आज टपालाने दोन पाकिटे आली.

पहिले कॉलेजचे. मोठ्या बाईंनी कार्यालयात फोडले, वाचले, आणि काही न बोलता हरकतच्या हातात दिले, कोरे वाटणारे, नुसत्या शाईचे. मग बाईंनी शिपायाला चार कप चहा सांगितला. एवढ्यावरून तिला कळले. विज्ञान शाखेत जागा. ती उभी होती ती खाली बसली. तिला मैत्रिणींना सांगायला धावायचे होते, पण भिंत धरून, वळसा घालून जाणे तिच्याने होईना. मैदानातून सरळ गेली. मी खिडकीतून पाहत होतो. मैदानात कुणी नव्हते, अडखळायचे कारण नव्हते, आणि ती अडखळली नाही.

बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "जूनपासून नववीतल्या चौघांना विज्ञान हवं आहे. विज्ञानाच्या बाई तोवर येतील. पण फळी तुमच्याकडे आहे म्हणे."

"फळी बायकोची आहे."

"मग त्यांनाही आणा."

माझे संस्कृतचे वर्ग पुढच्या वर्षी तिच्याशिवाय असतील. ते आज संध्याकाळपर्यंत तरी मी लांब ठेवले आहे. दुसरे पाकीट मात्र लांब ठेवण्यासारखे नव्हते.

ते घरी आले होते. गाइडचे प्रकाशक. 'आपल्या सूक्ष्म अवलोकनाबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपण दाखवून दिलेला मुद्रणदोष मान्य असून, पुढील आवृत्तीत "शून्य" हे उत्तर बदलून "एकसमान वेग" असे छापण्यात येईल.'

मी खुर्चीत बसलो. बायकोने पत्र वाचले. तिला हसू आवरेना. यंत्रावर डोके टेकवून हसली. "आता हजारो मुलं तुमच्या पठारावरून चालणार."

हरकतला घरी बोलावून घेतले. ती आली, ऐकले, आणि हसायची वाट न पाहता म्हणाली, "कागद घ्या, सर. मी सांगते."

मी कागद घेतला. तिने सांगितले, मी लिहिले. एकही शब्द माझा नाही.

'महोदय, आमची हरकत आहे. आपले आधीचे उत्तरच बरोबर होते, ते बदलू नये. उभ्या अक्षावर अंतर असेल तर आडव्या भागात अंतर वाढत नाही, म्हणून वस्तू उभी आहे आणि वेग शून्य आहे. उभ्या अक्षावर वेग असता तर ती चालत असती. कृपया मुलांना आधी उभा अक्ष वाचायला सांगावे. आमच्या सरांनी आपल्याला चुकीचे लिहिले, पण ते नंतर शिकले.'

"खाली काय लिहू?" मी विचारले.

तिने मग एकेक शब्द गोटी सोडल्यासारखा सांगितला: "विद्यार्थिनी, विज्ञान शाखा, प्रथम वर्ष."

तेवढी ओळ तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा मी माझ्यासाठी वाचली, आणि पाकीट बंद करून स्वतः जाऊन टाकून आलो. जाताना बायको म्हणाली, "हे मात्र दोन दिवस ठेवू नका."